कुंभारजुव्याची भिंत आणि चुन्याची निवळी

२०२१ च्या जुलैत, रात्री अडीचच्या सुमारास, आमच्या गोव्यातल्या कुंभारजुव्याच्या घराच्या पश्चिमेकडच्या भिंतीचा गिलावा एका दमात खाली आला. दाराएवढा तुकडा होता. पाऊस असा कोसळत होता की आवाज कुठून आला हे कळायलाच वेळ लागला. नवरा टॉर्च घेऊन बाहेर गेला, मागोमाग मी छत्री धरून. सिमेंटचा तो पत्रा अंगणात पालथा पडला होता, जवळजवळ अखंड. त्याच्या पाठीला आमच्या भिंतीतल्या चिऱ्याचा, म्हणजे जांभ्या दगडाचा, बोटभर जाड थर चिकटून आला होता. सिमेंटला काही झालं नव्हतं, दगड मात्र गेला होता.

घर सासऱ्यांच्या आजोबांनी बांधलेलं, चिऱ्याचं. मधे राजांगण, भोवती वसरी, मागे माड आणि त्यापलीकडे खाडी. कुंभारजुवे हे बेटच आहे, चहूबाजूंनी भरती-ओहोटीचं खारं पाणी. मामंजींनी १९९४ मध्ये बाहेरच्या सगळ्या भिंतींचा जुना गिलावा काढून सिमेंटचा करून घेतला. त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं. तेव्हा सिमेंट म्हणजे पक्कं काम, आणि चुना म्हणजे ज्याला परवडत नाही त्याचं काम, असं सगळेच मानत. त्यांनी चार वर्षं पैसे साठवले होते. दहाएक वर्षं भिंत देखणी राहिली. मग खालून लोणा, म्हणजे भिंतीतून बाहेर येणारं मीठ, दिसायला लागला, पांढरा, कापसासारखा. आम्ही दर दिवाळीला तो ब्रशने झाडून रंग द्यायचो. तो दर पावसाळ्यानंतर वीतभर वर चढलेला असायचा.

पडझडीनंतर आधी एक कंत्राटदार येऊन गेला. त्याचं म्हणणं सरळ होतं: सगळं पाडायचं, वॉटरप्रूफिंगचं औषध घालून पुन्हा सिमेंट करायचं, या वेळी जाड. आम्ही जवळजवळ हो म्हटलं होतं. मला थांबवलं ते एका ढलपीनं. पडलेल्या भागाच्या कडेला, खिडकीच्या चौकटीशी, १९९४ मध्ये काढायचा राहून गेलेला जुना गिलावा होता. तळहाताएवढा. शंभराहून जास्त पावसाळे खाऊनही तो चिऱ्याला धरून होता, आणि त्याच्या मागचा चिरा कोरडा, लाल, कणखर होता. वीतभर अंतरावर सिमेंटमागचा चिरा बोटानं उकरला तर भुसा निघत होता.

मी उच्च माध्यमिकला रसायनशास्त्र शिकवते. ती ढलपी मी रुमालात बांधून प्रयोगशाळेत नेली.

पहिली गोष्ट भिंगातून दिसली: गिलाव्यात शिंपल्यांचे बारीक तुकडे होते, काही भाजलेले, काही अर्धवट. म्हणजे हा चुना खडकाचा नव्हता. गोव्यात चुना बहुतेक असाच यायचा, तिसऱ्या, खुबे, कालवं यांची कवचं भट्टीत भाजून. रसायनाच्या दृष्टीनं फरक नाही. चुनखडीचा दगड काय, संगमरवर काय, शिंपला काय, सगळं मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. जगातल्या पुष्कळशा चुनखडी तर जुन्या समुद्रातल्या कवचांच्याच साठून झालेल्या आहेत. आपण भट्टीत शिंपले टाकतो तेव्हा एका अर्थानं अजून दगड व्हायचा राहिलेला चुनखडक टाकतो.

मग ढलपी कुटून २० ग्रॅम घेतली आणि तिच्यावर विरल हायड्रोक्लोरिक आम्ल ओतलं. फसफस थांबेपर्यंत थोडं थोडं ओतत राहिले. गाळून, धुऊन, वाळवून उरलं ते वजन केलं: १३ ग्रॅम, निव्वळ रेती. म्हणजे ७ ग्रॅम कार्बोनेट विरघळलं. १०० ग्रॅम कार्बोनेट व्हायला ७४ ग्रॅम विरवलेला, म्हणजे पाण्यात फोडलेला, चुना लागतो, त्या हिशेबानं मूळ चुना ५ ग्रॅमच्या जरा वर. एका भागाला अडीच भाग रेती. पण हा आकडा जसाच्या तसा घेता येत नाही, कारण आम्लानं न भाजलेले शिंपलेही खाल्ले होते. म्हणजे खरा चुना याहून कमी असणार. तीनाला एक धरावं, असं मी वहीत लिहून ठेवलं. उरलेली रेती पाहण्यासारखी होती: टोकदार, लहानमोठ्या दाण्यांची, तिच्यात चिऱ्याची लाल पूडही. कुणीतरी समजून मिसळलेली.

इथे मला एक प्रयोग सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही, कारण सगळं काम मी त्याच्या आधारानं समजून घेतलं. चुन्याची निवळी आपण सगळ्यांनी शाळेत पाहिली आहे. पेल्यात निवळी घ्यायची, नळीनं फुंकायचं, पाणी दुधाळ होतं. श्वासातला कार्बन डायऑक्साइड चुन्याशी जुळतो आणि कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक कण तयार होतात. म्हणजे पेल्यात चुनखडीच तयार होते. बहुतेक वर्गांत प्रयोग इथे संपतो. तो संपवू नये. किपच्या उपकरणातून, म्हणजे प्रयोगशाळेत वायू तयार करायच्या भांड्यातून, वायू तसाच सोडत राहिलं तर काही वेळानं दुधाळपणा जातो आणि पाणी परत स्वच्छ होतं. जास्तीचा कार्बन डायऑक्साइड पाण्यात मिसळून सौम्य आम्ल होतं, ते त्या चुनखडीला विरघळणाऱ्या बायकार्बोनेटमध्ये बदलतं.

प्रयोगाचा पहिला अर्धा म्हणजे गिलावा कसा घट्ट होतो ते. दुसरा अर्धा म्हणजे चुनखडीची इमारत पावसात कशी झिजते ते. पावसाचं पाणी स्वच्छ हवेतही थोडं आम्लधर्मी असतं, त्याचा पीएच ५.६ च्या आसपास. गाड्यांचा नि कारखान्यांचा गंधकाचा धूर त्यात आला की कार्बोनेटचं जिप्सम होतं, ते आणखी लवकर विरघळतं किंवा आडोशाच्या जागी काळी खपली धरतं.

पण झीज नुसती घटकांवर ठरत नाही. आमच्या स्वयंपाकघरात शहाबादी फरशी आहे. लिंबाचा थेंब पडला की तिच्यावर फिकट डाग उमटतो, म्हणजे तीही चुनखडीच. तरी तीस वर्षं ती पाय, पाणी, पडलेली भांडी सोसते आहे. ती अतिशय बारीक गाळाची, दाट दगड झालेली, पाणी आत शिरायला वावच नाही. उलट पोरबंदरचा दगड घ्या, मुंबईतल्या कित्येक जुन्या इमारतींवर तो आहे. समुद्रातल्या सूक्ष्म जीवांच्या कवचांची ती वाळू, सैलसर जोडलेली. कोरायला सुंदर, पण छिद्रांनी भरलेला. दोन्हींचं सूत्र एकच, आयुष्य वेगळं. दगड किती टिकेल हे त्याच्यातली छिद्रं किती, केवढी आणि एकमेकांना कशी जोडलेली यावर फार ठरतं. आणि त्या छिद्रांत मीठ आहे का यावर. मीठ पाण्याबरोबर दगडात फिरतं, पाणी उडालं की तिथेच स्फटिक होतं, आणि वाढणारा स्फटिक छिद्राची भिंत ढकलतो. पुन्हा भिजलं, पुन्हा वाळलं, पुन्हा ढकललं. पावसाच्या आम्लापेक्षा समुद्रकाठच्या भिंतीचा हा मोठा वैरी.

आमच्या चिऱ्याचं तेच झालं होतं. चिरा म्हणजे जांभा, चुनखडी नव्हे. लोह आणि ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडांचा हा दगड खाणीतून काढताना मऊ असतो, हवेला ठेवला की टणक होतो. पण सच्छिद्र आहे, पाणी पितो. जुन्या चुन्यातून ते पाणी बाहेर उडून जायचं. सिमेंटच्या घट्ट थरातून ते जाईना. शिवाय सिमेंटला केसासारख्या भेगा पडतातच, त्यांतून पाऊस आत शिरायचा आणि आतच अडकायचा. मग मीठ पृष्ठभागावर न येता सिमेंटच्या मागे, चिऱ्याच्या पोटात गोठायला लागलं. सत्तावीस वर्षं.

नवऱ्याच्या एका मित्राच्या ओळखीनं जुन्या वास्तूंच्या दुरुस्तीचं काम करणाऱ्या एक वास्तुरचनाकार बाई घर पाहायला आल्या. त्यांनी भिंतीवर हात फिरवला, माझी वही वाचली, आणि पहिला सल्ला दिला तो असा: काहीही लावू नका. दिवाळीपर्यंत पाऊस जाऊ दे, सिमेंट काढा, आणि भिंत उघडी ठेवून नुसती वाळू द्या.

नोव्हेंबरात सिमेंट काढलं. जड हातोडा नाही, यंत्र तर नाहीच. छिन्नी आणि हलका हातोडा, वरून खाली. जिथे सिमेंट सैल होतं तिथे हातानं निघालं, जिथे पकडून बसलं होतं तिथे चिऱ्याचा कातडा घेऊन निघालं. दोन आठवडे अंगणात लाल धूळ होती. सासूबाई वसरीच्या सोप्यावर बसून पाहायच्या. एकदा म्हणाल्या, "अगो, अंग सोलल्यासारखं दिसतं गो घर." मला ते शब्द अजून आठवतात.

मिठाची तपासणी मी स्वतः केली. वेगवेगळ्या उंचीवरून चिऱ्याची पूड खरवडायची, शुद्ध पाण्यात ढवळून गाळायची, दोन थेंब विरल नायट्रिक आम्ल घालायचं, मग सिल्व्हर नायट्रेट; मीठ असेल तर पांढरा साका पडतो. आधी आम्ल घातलं नाही तर कार्बोनेटही पांढरं पडतं आणि आपण फसतो. जमिनीलगतच्या पुडीनं थोडंसं ढगाळ पाणी दिलं. कमरेच्या उंचीवरच्या पुडीनं दह्यासारखा साका दिला. पाणी जिथवर चढतं आणि जिथून उडतं, मीठ तिथेच साठतं. आणि १९९४ च्या सिमेंटची पूड तपासली तर तिच्यातही तोच साका. मग सासूबाईंना विचारलं तेव्हा कळलं की त्या वेळी रेती समोरच्या खाडीतूनच होडीनं आली होती. धुतली नव्हती.

मीठ काढायला आम्ही कागदाचा लगदा वापरला. रद्दी नव्हे, शाई नसलेला कोरा कागद, शुद्ध पाण्यात भिजवून लापशीसारखा केलेला. तो बोटभर जाडीनं भिंतीवर थापायचा आणि सावकाश वाळू द्यायचा. पाणी चिऱ्यात जातं, मीठ विरघळवतं आणि वाळताना ते लगद्यात घेऊन येतं. वाळलेला लगदा सालीसारखा निघतो. कमरेच्या पट्ट्यावर तीनदा केलं. तिसऱ्या खेपेच्या लगद्यानं अगदी हलका साका दिला, तेव्हा थांबलो. सगळं मीठ कधीच निघत नाही, निघावं अशी अपेक्षाही नव्हती. उरलेल्यासाठी चुना होता.

चुना मिळवणं हे या सगळ्या कामातलं सर्वांत अवघड. आमच्या भागातल्या शिंपल्यांच्या भट्ट्यांच्या आठवणीच उरल्या आहेत. रंगाच्या दुकानात मिळणाऱ्या पिशव्यांतला चुना कधी विरवलेला, किती दिवस हवा खाल्लेला, काही कळत नाही. हवेतच त्याचा निम्मा परत दगड झालेला असू शकतो, आणि मग तो काहीच जोडत नाही. शेवटी केरळातल्या वेंबनाड तलावाच्या शिंपल्यांचा भाजलेला, न विरवलेला चुना मिळाला. पोती घट्ट बांधून आली. उघडल्यावर ती पांढरी, हलकी, पोकळ वाटणारी कवचं पाहून विद्यार्थ्यांना सांगितलेला हिशेब हातात आल्यासारखा वाटला. १०० किलो कवचं सुमारे ९०० अंशांवर भाजली की ४४ किलो वायू होऊन उडून जातात आणि ५६ किलो कळीचा चुना उरतो. आकार शिंपल्याचाच, वजन निम्म्याच्या जरा वर.

विरवायच्या दिवशी मिस्त्री आले. सत्तरी उलटलेले, वडिलांच्या हाताखाली देवळांच्या कामावर चुना मळलेले. गावात तेवढे एकच उरले होते. मागीलदारी चिरे लावून हौद केला होता. मी गॉगल आणि हातमोजे आणले होते. ते त्यांनी घातले, पण माझ्या आग्रहाखातर. हौदात आधी पाणी, मग त्यात चुना, घमेल्याघमेल्यानं. उलट करायचं नाही, चुन्यावर पाणी ओतलं की तो उसळून अंगावर येतो. पहिला मिनिटभर काहीच झालं नाही. मग तळातून एक गुरगुर आली, कवचं तडकायला लागली, आणि पाहता पाहता सगळा हौद खदखदू लागला. वाफ माडाच्या शेंड्यापर्यंत गेली. पाणी उकळायला खाली जाळ लागत नाही, भट्टीत घातलेली उष्णताच आता परत येते. एक शिंतोडा मिस्त्रींच्या मनगटावर उडाला. भरलेली बादली शेजारी ठेवलीच होती, दहा मिनिटं हात त्यात धरून बसवलं. पानाला लावतो तोच हा पदार्थ, पण ताजा आणि डोळ्यात गेला तर दृष्टी घेऊ शकतो. हे काम करायचं मनात असेल त्यानं गॉगल विसरू नये, एवढंच सांगते.

निवल्यावर ते सगळं चाळणीतून गाळलं आणि वर चार बोटं पाणी ठेवून झाकून टाकलं. मी विचारलं, महिनाभर पुरे ना? मिस्त्री म्हणाले, "वैनी, चुन्याक घाय चलना." तीन महिने ठेवला. फेब्रुवारीत झाकण काढलं तेव्हा खाली लोण्यासारखा, थापीला चिकटून राहणारा गोळा होता. पाण्याखाली असेपर्यंत त्याला हवा मिळत नाही, म्हणून तो दगड होत नाही. फक्त कण आणखी बारीक होत जातात.

त्या तीन महिन्यांत मी शाळेत जाता-येता जुन्या गोव्याला थांबायचे. रस्त्याच्या एका बाजूला से कॅथेड्रल, चुन्याच्या गिलाव्यात पांढरं. दुसऱ्या बाजूला बॉम जेझूचं चर्च, उघड्या चिऱ्याचं, तांबडं. १५९४ मध्ये काम सुरू झालं, १६०५ मध्ये ते पवित्र केलं गेलं, आणि साडेतीनशे वर्षं त्याच्याही अंगावर चुना होता. १९५० च्या दशकात तो काढला, जुनं दिसावं म्हणून. आज पर्यटकांना तेच खरं रूप वाटतं. मला आता ते पाहवत नाही. वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो या प्रदेशात, आणि तो सरळ त्या चिऱ्यांवर पडतो. दर्शनी भागातले वसईहून आणलेले काळे दगड सोसतात, भोवतीचा जांभा विरत जातो. पोर्तुगीजांच्या घरी, लिस्बनला, जेरोनिमुस मठ उभा आहे तो लिओझ नावाच्या घट्ट चुनखडीत. ती उघडी राहू शकते. इथे त्यांना चिरा मिळाला. मग त्यांनी आणि त्यांच्या आधीपासूनच्या इथल्या गवंड्यांनी चिऱ्याला चुन्याचं अंग दिलं. शोभेसाठी नव्हे, संरक्षणासाठी. चुनखडीची खाण नसलेल्या मुलखात भिंतीवर पातळ चुनखडी उगवायची ही युक्ती आहे.

या विचारात असताना एक दिवस रस्त्याकडेच्या सिमेंटच्या पिशवीवर 'पोर्टलंड' वाचलं आणि थांबले. हे नाव इंग्लंडच्या पोर्टलंड बेटावरच्या चुनखडीवरून पडलं आहे. लंडनचं सेंट पॉल कॅथेड्रल त्याच दगडाचं. १८२४ मध्ये जोसेफ ॲस्पडिननं सिमेंटचं पेटंट घेतलं तेव्हा ते घट्ट झाल्यावर त्या दगडासारखं दिसतं म्हणून ते नाव दिलं. दिसायला सारखं, इतकंच. भिंतीवरचं वागणं निराळं.

फेब्रुवारीच्या मध्याला काम सुरू झालं. रेती नदीची, तीनदा धुतलेली, प्रत्येक खेप मी सिल्व्हर नायट्रेटनं तपासूनच आत घेतली. एक भाग चुना, तीन भाग रेती, त्या रेतीतच थोडी सुरखी, म्हणजे विटांची पूड, कारण निव्वळ चुना हवेशिवाय घट्ट होत नाही आणि सुरखी असेल तर तो ओलाव्यातही थोडा धरतो. सासूबाईंनी हिरडा आणि गूळ यांचं नाव काढलं. त्यांच्या लहानपणी माहेरी, पेडण्याला, गुळाच्या पाण्याचा वास महिनाभर अंगणात असायचा. गूळ घालण्यात तथ्य आहे. साखरेच्या पाण्यात चुना साध्या पाण्यापेक्षा कितीतरी जास्त विरघळतो. हिरड्याचा काढा आणि गुळाचं पाणी दोन्ही घातलं, बेतानं. मिश्रण पायानं आणि मुसळीनं मळलं, पाणी न वाढवता. मिस्त्रींचं लक्ष सारखं पाण्यावर. कोरडं वाटलं तरी आणखी मळायचं, पाणी घालायचं नाही. मळता मळता ते आपोआप सैल होतं.

आधी दरजा भरल्या. फार खाल्लेल्या चिऱ्यांच्या खोबणी तुकडे बसवून, थरावर थर देऊन भरल्या. मग पहिला लेप, सुमारे १२ मिलिमीटर, थापीनं फेकून मारलेला. दोन आठवड्यांनी दुसरा, १० मिलिमीटर, गुरमाळ्यानं घोटलेला.

दोन चुका झाल्या, त्या सांगायलाच हव्यात. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात माशेलला जत्रा होती, गडी दोन दिवस गेले, आणि मीही परीक्षेच्या कामात होते. दक्षिणेचा ताजा लेप उन्हात राहिला. परत येऊन पाहिलं तर मे महिन्यातल्या शेतासारख्या भेगा. चुना वाळून घट्ट होत नाही, हे मी वर्गात दहा वेळा सांगितलेलं. त्याला हवा लागते, आणि ती हवा आत जाऊन काम करायला ओलावाही लागतो. पाणी उडून गेलं की क्रियाच थांबते; पाण्यानं गच्च भरला तरीही थांबते, कारण मग वायू आत जात नाही. तो मधला दमटपणा राखणं हेच सगळं काम. आठ चौरस मीटर लेप खरवडून परत केला. त्यानंतर गोणपाटं टांगली, दिवसातून तीनदा फवारा मारला, रविवार असो की सण.

दुसरी चूक चाळणीची. शेवटच्या गाळणीच्या वेळी जाळी एका कोपऱ्यात फाटलेली होती. एप्रिलमध्ये स्वयंपाकघराबाहेरच्या भिंतीवर फुटकुळ्या उठल्या, प्रत्येकीच्या मधे पांढरा ठिपका. न विरलेली कळी भिंतीत गेली होती आणि आता ओलाव्यानं विरून फुगत होती. मिस्त्रींनी एकेक कोरून काढली आणि भरली. ते दिवसभर काही बोलले नाहीत. संध्याकाळी जाताना जाळी उचलून माझ्या हातात दिली.

मेच्या सुरुवातीला चुन्याच्या पातळ पाण्याचे पाच हात दिले. पहिले दोन दिले तेव्हा काही दिसतच नाही, भिंत ओली आणि राखाडी. मी पुन्हा पुन्हा विचारायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी वाळून पाहिलं की पांढरेपण थोडं वर आलेलं. प्रत्येक हात म्हणजे निवळीच्या पेल्यातला तो पहिला अर्धा प्रयोग. रंगासारखा तो वर बसत नाही, लेपाशी एकजीव होतो.

खर्च सिमेंटच्या अंदाजाच्या दुपटीहून जास्त झाला, वेळ सहा महिने. नातेवाइकांनी विचारलं की आता किती वर्षं बघायला नको. मी खरं ते सांगितलं: दर दोन-तीन वर्षांनी चुन्याचे हात द्यावे लागतील, आणि काही वर्षांनी लेपही झिजेल. तो झिजण्यासाठीच आहे. मीठ आता त्याच्यात येऊन गोठेल, पाऊस त्याला विरघळवेल, चिऱ्याला नाही. बारीक भेगा तर तो स्वतःच भरतो: पाणी थोडा चुना विरघळवून भेगेत नेतं आणि तिथे तो परत दगड होतो.

पहिल्या पावसाळ्याआधी सासूबाईंनीच आठवण केली, की पूर्वी पश्चिमेच्या भिंतीला माडाची झापं बांधत. झापं विणणारी एक बाई शेजारच्या वाड्यावर अजून आहे. तिनं दोन दिवसांत पंचवीस विणून दिली. पाऊस झापांवरून ओघळायचा, मागे वारा खेळायचा. नव्या लेपाला याहून चांगलं पांघरूण मला तरी माहीत नाही.

डिसेंबर २०२२ मध्ये, जिन्याखाली कुणाला दिसणार नाही अशा जागी, मी नखाएवढा तुकडा कापून काढला आणि ताज्या कापावर फिनॉल्फ्थॅलिनचा थेंब सोडला. चुना अजून चुनाच असेल तर तो गुलाबी होतो. दगड झाला असेल तर रंगहीन राहतो. बाहेरचे आठ-नऊ मिलिमीटर रंगहीन होते. आतला भाग गडद गुलाबी. वर्षभरात भिंत बाहेरून एवढीच दगड झाली होती.

२०२३ मध्ये नार्व्याचं सप्तकोटेश्वराचं देऊळ दुरुस्तीनंतर उघडलं तेव्हा सासूबाईंना घेऊन गेलो. १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी जीर्णोद्धार करवलेलं ते देऊळ, चिऱ्याचं, अंगावर चुना. मिस्त्रीही बरोबर होते. ते गाभाऱ्याकडे जाण्याआधी बाहेरच्या भिंतीपाशी गेले, बोटाची नखं लेपावर टेकवून हळूच वाजवलं, कान लावून ऐकलं, आणि मग दर्शनाला गेले.

गेल्या हिवाळ्यात जिन्याखाली परत एक तुकडा काढला. गुलाबी रेघ आता चिऱ्याला अगदी लागून आहे, दोन मिलिमीटरसुद्धा नाही. थेंबाचा ग्लास धुवायला ठेवताना सासूबाईंनी विचारलं, "झाला का गो दगड?" मी म्हटलं, "आई, थोडा राहिलाय."